लेखक कुठे घाबरला

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. आजोबांचा जन्म मिठागरात गेला, वडील ट्रकवर होते. चौबळ सरांवर लिहायचं तर त्यांच्याएवढं वाचलेल्या माणसानं लिहायला हवं. त्यांचे तसे विद्यार्थी आहेत, काही मुंबईला प्राध्यापक आहेत. पण त्या रविवारी ते आमच्या ओटीवर नव्हते आणि मी होतो. एवढ्याच कारणानं धीर करतो आहे. कुठे चुकलं तर मोठ्या मनानं समजून घ्यावं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. चौबळ सर आमच्या पनवेलच्या कॉलेजात मराठी शिकवायचे. उंच, थोडे पोक काढून चालणारे, अंगात कायम पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. सर भित्रे होते. हे मी त्यांना कमी लेखायला लिहीत नाही, ते स्वतःच सांगायचे. वर्गात आले की आधी खिडक्यांच्या कड्या नीट लागल्यात का ते बघायचे, मग दाराजवळच्या बाजूला उभे राहायचे. शिपाई नोटीस घेऊन आला की त्यांचा चेहरा उतरायचा. "माझंच नाव आहे का हो त्यात?" असं हळूच विचारायचे. स्टाफरूममधला फोन वाजला की उठून व्हरांड्यात जायचे. पुण्याकडे जाणारा हमरस्ता ओलांडायचा असला तर कोणीतरी दुसरं ओलांडेपर्यंत कडेला थांबायचे, आणि मग त्या अनोळखी माणसाच्या अगदी मागोमाग, जवळजवळ त्याचा सदरा धरून पलीकडे जायचे. कुत्र्यांबद्दल तर बोलायलाच नको. मुलं मागे त्यांची नक्कल करायची. मीही हसलो असेन.

इंग्रजी अमदानीतली मराठी कादंबरी हा त्यांचा विषय. पहिल्या तासाला ते म्हणाले, "पुस्तक काढा. पेन्सिल काढा. वाचा, आणि मला सांगा, इथे लेखक कुठे घाबरला?"

आम्हाला काही कळेना. बाकीचे प्राध्यापक कथानक, पात्रं, भाषाशैली असं सांगायचे, आम्ही ते लिहून घ्यायचो. सर म्हणाले, "ती माणसं दिवसा सरकारी नोकरी करायची. संध्याकाळी ज्या पंगतीला बसायची, त्या पंगतीनं उठवलं तर मुलीचं लग्न व्हायचं नाही. पुढे साहेब, मागे जात. दोन्हीकडची भीती घेऊन हे लोक लिहायला बसले. मग ते काय करतात? राजा दुष्ट दाखवायचा तर दूरच्या, नसलेल्या देशातला दाखवतात. जवळचा राजा वाचेल ना. विधवेचं पुन्हा लग्न लावायचं ठरवतात, आणि लग्नाच्या आदल्या प्रकरणात तिला तापानं मारतात. ती जागा शोधा. पेन्सिलीनं समासात 'भ' लिहा. भीतीचा भ."

वर्गात खसखस पिकली, कारण आमच्याकडे 'भ' म्हटलं की शिवीच आठवते. सरांनी हसण्याकडे लक्ष दिलं नाही. "आणि या लोकांना लहान समजू नका," ते म्हणाले. "भीत भीत का होईना, जेवढं लिहिलं तेवढ्यानं घराघरांत बायका उठून बसल्या. नवरा दिवाणखान्यात मोठ्यानं वाचायचा, बायका दाराआड ऐकायच्या. काही नवरे अडचणीची पानं गाळायचे. गाळलेलं बायकांना कळायचं. पान वेळेआधी उलटलं की त्यांना बरोबर समजायचं."

ही समासातली खूण कुठून आली, ते एकदा त्यांनी सांगितलं. त्यांचे आजोबा मुंबईला सरकारी कचेरीत होते. देशी भाषेत जे छापून येईल ते वाचायचं आणि त्यात सरकारच्या विरुद्ध काही आहे का ते साहेबाला दाखवायचं, हे काम. साहेबाला मराठी येत नसे. आजोबा तांबड्या पेन्सिलीनं खुणा करून द्यायचे. "आजोबा धीट जागा शोधायचे," सर म्हणाले. "मी भित्र्या शोधतो."

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "आजोबांमुळे कोणाला पकडलं का सर?"

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. "आमच्या घरात हे कोणी विचारलं नाही," ते म्हणाले. "मीही नाही विचारलं." मग त्यांनी तास पाच-दहा मिनिटं आधीच सोडला.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो एका अर्ध्या हातामुळे. सरांनी वर्गाला विचारलं, "कोणाच्या आईला वाचता येत नाही?" कोणीच हात वर केला नाही. माझा खांद्यापर्यंत येऊन थांबला. "घरत," सर माझं आडनाव घेऊन म्हणाले, "हात नीट वर करा, नाहीतर खाली घ्या. अर्धा हात मला कळतो, परीक्षकाला कळत नाही."

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, ही पुस्तकं डोळ्यांसाठी लिहिलेलीच नाहीत, ती कानांसाठी आहेत. वर्गात आपण ती गप्प बसून वाचतो, म्हणजे अर्धंच वाचतो. ज्यांना वाचता येत नाही अशा बायकांसमोर एक कादंबरी सबंध वाचायची त्यांची फार वर्षांची इच्छा होती. तुमच्या घरी चालेल का?

मी म्हणालो, "चालेल सर. पण आमचं घर..."

"घराचं राहू द्या. कुत्रे आहेत का?"

"आहेत सर."

"मग तुम्ही स्टॉपवर घ्यायला या."

आमचं गाव उरणच्या रस्त्यावर, खाडीच्या अंगाला. रविवारी दुपारी सर एस.टी.तून उतरायचे, मी त्यांच्या आणि कुत्र्यांच्या मधून चालायचो. ओटीवर भिंतीला पाठ लावून ते बसायचे, कारण मागे काय आहे ते दिसलं नाही की त्यांना वाचताना अडखळायला व्हायचं. आई, शेजारची बारकूआजी, सुभद्राकाकी आणि आणखी चार-दोन बायका सुकट निवडत ऐकायच्या. पहिल्या दिवशी सगळ्यांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. बारकूआजी म्हणाली, "मास्तर, ती बाय शेवटी मरते काय, ता पैल्यांदा सांगा. मरनार असल तर मी आताच घरा जाते. माझ्याकं रडाला टाईम नाय."

"मरत नाही," सर घाबरून म्हणाले.

"मंग वाचा."

पुस्तक सरांनी पनवेलच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं. सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे लेखकाचं नाव नाही, छापखाना नाही, साल नाही. सरांनी त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं. गोष्ट एका तरण्या विधवेची. नवरा गेला, जमिनीत त्याचा हिस्सा, आणि तो हिस्सा दिराला हवा. गाव समुद्राकाठचं, पण लेखकानं नाव दिलं नव्हतं. नावाच्या जागी नुसती रेघ होती. त्या रेघेवर सरांनी पेन्सिलीनं 'भ' लिहिलेला मी पाहिला होता.

इथे सुभद्राकाकीबद्दल सांगायला हवं. ती माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. काका पळस्प्याच्या नाक्यावर ट्रकखाली गेले तेव्हा त्यांची मुलगी रांगत होती. आमच्याकडच्या जमिनी सरकारनं नव्या शहरासाठी घेतल्या होत्या आणि मोबदल्यात घरटी भूखंड मिळणार होते. मग गावात एक रीत पडली. बहिणी आणि विधवा पनवेलला कचेरीत जाऊन हक्क सोडल्याचा अंगठा द्यायच्या, घरी आल्या की त्यांना साडी नेसवायची, गोडाचं जेवण घालायचं. कोणी त्याला लबाडी म्हणायचं नाही. आईनंही तिच्या भावांसाठी दिला होता, ती साडी ती सणाला नेसायची. आता काकीची पाळी होती. तिचा दीर पांडूशेठ. पूर्वी आमच्यासारखाच मिठागरावरचा, आता त्याच्या खडी-रेतीच्या गाड्या होत्या. माझे वडील त्याच्याच एका गाडीवर होते. पांडूशेठ कधी आवाज चढवायचा नाही. गावात त्याची भीती होती ती त्याच्या हळू बोलण्याची.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी सर त्या जागेपर्यंत आले जिथे पुस्तकातला दीर पहिल्यांदा कागद काढतो. तो वहिनीला म्हणतो, तू आमच्या घरची लक्ष्मी, लक्ष्मीला कागदपत्रांची दगदग कशाला. सरांनी ते वाचून पान उलटलं. मग बारकूआजी म्हणाली, "अगो, ह्यो तर आपला पांडू."

बायका हसायला लागल्या. हसू थांबेना. पांडूशेठ हेच वाक्य काकीच्या दारात उभा राहून बोलला होता, सगळ्या आळीनं ऐकलं होतं. सर गोंधळून एकीकडून दुसरीकडे बघत होते. काकी हसली नाही. तिचे हात सुकटीत तसेच राहिले.

आठवड्याच्या आत गावभर झालं की कॉलेजच्या मास्तरनं पांडूशेठवर पुस्तक लिहिलंय.

पुढच्या रविवारी पांडूशेठ स्वतः आला. पायरीवर बसला. वडील दाराच्या चौकटीत उभे राहिले, जमिनीकडे बघत. सर वाचत होते तोवर पांडूशेठनं ऐकून घेतलं. मग हात पुढे करून त्यानं पुस्तक मागितलं. पानं उलटली.

"कुनी लिवलाय?"

"माहीत नाही हो," सर म्हणाले. "नाव गेलंय."

"गेलाय का टाकलाच नाय?"

"शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक आहे, शेठ."

पांडूशेठ मंद हसला. "शंभर वर्सांपूर्वी माझा बोलना कुनी लिवला?"

सरांना उत्तर ठाऊक होतं, मलाही आता ठाऊक आहे. त्या लेखकानं भिऊन गावाचं नाव गाळलं, म्हणून ती गोष्ट कोणत्याही गावाला बसली. पण असलं बोलणं वर्गात शोभतं. ओटीवर सर नुसते "नाही, नाही" म्हणत राहिले.

"छापखाने पनवेलला पन हायेत," पांडूशेठ म्हणाला. "माज्या भाच्याच्या लग्नाच्या पत्रिका तिथंच छापल्या. पुस्तक मी नेतो. वाचून देतो."

पुस्तक घेऊन तो गेला. वडील माझ्याकडे एकदा बघून त्याच्या मागे गेले.

त्या आठवड्यात सर दोन तासांना आलेच नाहीत. मग मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "तुमच्या वडिलांना काही बोलले का ते?" मी नाही म्हणालो. "घरत, मला आता जमणार नाही. मला रिटायर व्हायला थोडंच राहिलंय. घरी ही एकटी असते. काल संध्याकाळी आमच्या गल्लीत एक मोटरसायकल उभी होती. कोणाची तरी असेल. पण उभी होती." बोलताना ते सारखे जिन्याकडे बघत होते. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. मलाही ते सगळं संपायला हवं होतं.

पण संपलं नाही. शुक्रवारी कॉलेजच्या फाटकाशी जीप थांबली. पांडूशेठ खाली उतरला, हसतमुख. सर आणि मी बरोबरच बाहेर पडत होतो. त्यानं पुस्तक सरांच्या हातात दिलं.

"भाच्याकडून आख्खा वाचून घेतला. उगाच तुमच्यावं संशय घेतला, मास्तर. शेवट झ्याक हाय. ती बाय आपनहून कागद देते, दीर रडतो, ती काशीला जाते. सगल्यांचा भला होते." त्यानं सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "रविवारी येवा. सगल्या बायकांसमोर शेवट वाचा. सोमवारी आमी सुभद्रावयनीला कचेरीत नेनार हाव. तिच्या कानावं पडला पायजे."

सर म्हणाले, "माझी तब्येत जरा..."

"मंग नका येवू. घरतचा पोरगा शिकलेला हाय, तो वाचल. त्याचा बापूस आपलाच मानूस हाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय चेहरा केला होता मला माहीत नाही. "मी येतो," सर म्हणाले.

त्या रविवारी ओटी पुरली नाही, अंगणात माणसं बसली. पांडूशेठनं स्वतःच्या घरून चहा आणवला. काकी आमच्या दाराआड बसली होती, फक्त तिच्या पायाची बोटं दिसत होती. सरांनी शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. आवाज इतका कापत होता की पहिल्या पानात काही समजलंच नाही. पण त्यांनी एक शब्द गाळला नाही. बाई कागद देते. दिराच्या डोळ्यांत पाणी येतं. ती काशीच्या वाटेला लागते, आणि लेखक दोन परिच्छेद बोध करून पुस्तक संपवतो.

"ऐकलात ना सगल्यांनी," पांडूशेठ म्हणाला आणि उठला.

सर उठले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, आणि काहीतरी पुटपुटले.

बारकूआजी म्हणाली, "मोठ्यानं बोला मास्तर, आयकू नाय येत."

मला वाटलं आता ते विषय बदलतील. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं म्हणाले, "इथे लेखक घाबरला."

"कोन घाबरला?" पांडूशेठनं विचारलं.

"ज्यानं हे लिहिलं तो." सर त्याच्याकडे बघत नव्हते, पुस्तकाकडे बघून बोलत होते, वर्गात बोलायचे तसं. "हे मला शिक्षक म्हणून सांगायलाच हवं, नाहीतर वाचन अपुरं राहील. या पुस्तकातली बाई नवरा गेला तेव्हा रडते, पण कोठीची किल्ली सोडत नाही. दीर दागिने मागतो, ती उलट बोलत नाही, पण देतही नाही. सबंध पुस्तकभर ती तशी आहे. आणि शेवटच्या चार पानांत ती एकदम उठून काशीला जाते? ती नाही जाणार. तिला लेखकानं पाठवली. त्याला त्याच गावात राहायचं होतं, त्याच भाऊबंदांत जेवायचं होतं. मी त्याला नावं ठेवत नाही. मी असतो तर एवढंही लिहिलं नसतं. पण हा शेवट त्या बाईचा नाही, लेखकाच्या भीतीचा आहे. एवढंच सांगायचं होतं."

दाराआडून काकीचा आवाज आला. "मंग ती काय करल?"

सरांनी दाराकडे पाहिलं. "ते लिहिलेलं नाही, बाई," ते म्हणाले.

काकी उठली, माणसांमधून वाट काढत आपल्या घरात गेली, आणि तिनं आतून कडी घातली. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

पांडूशेठ शांत होता. "एस.टी.ची येल झाली, मास्तर. आमच्या रस्त्याला गाड्या लई असतात. कडेनं जा."

मी सरांना सोडायला निघालो. आमच्या मागे एक मोटरसायकल निघाली, आमच्याच चालीनं. पुढेही जाईना, थांबेनाही. सर म्हणाले, "घरत, काहीतरी बोला. काहीही बोला." मग मी मीठ कसं करतात ते सांगायला लागलो. भरतीचं पाणी आत कसं घेतात, एका खणातून दुसऱ्या खणात कसं सोडतात, वर पापुद्रा धरला की कसा ओढतात. सर "हो का, हो का" म्हणत होते. त्यांचा हात माझ्या दंडावर होता, बोटं रुतत होती. गावातला एक कुत्रा भुंकत अंगावर आला आणि सरांना तो कळलाही नाही. स्टॉपवर पोचल्यावर ते रस्त्याच्या कडेला खाली बसले आणि त्यांना उलटी झाली. मोटरसायकलवाला थोड्या अंतरावर इंजिन चालू ठेवून बघत होता. एस.टी. येईपर्यंत तो तिथेच होता.

सोमवारी काकीला न्यायला जीप आली. तिनं दार उघडलं नाही. मंगळवारीही नाही.

त्यानंतर जे सुरू झालं ते सगळं सांगण्यासारखं नाही. वडिलांना गाडीवरून काढलं. आळीतला नळ काकीला बंद झाला, ती लांबून पाणी आणायची. हळदीला, बारशाला तिच्या पोरीला कोणी बोलवेना. तिच्या कौलांवर दगड पडायचे, कोणी टाकले कोणाला दिसायचं नाही. आई चोरून तिला भाकरी द्यायची, आणि देऊन आली की बराच वेळ दाराला कान लावून बसायची. आम्ही सगळे भीतीत राहत होतो.

सर रोज मला विचारायचे, "आज काय?" स्वतःच्या गल्लीतल्या मोटरसायकलीचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. संस्थेच्या एका संचालकांचं बांधकाम पांडूशेठच्या खडीवर चालायचं. टर्म संपता संपता सरांची संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात बदली झाली, घाटावर, एका लहान तालुक्याला.

पनवेलच्या एस.टी. स्टँडवर मी त्यांना शेवटचं पाहिलं. दोन ट्रंका, वळकटी, शेजारी सरांच्या पत्नी, काकू. सर गर्दीत खांबाला पाठ लावून उभे होते. मला म्हणाले, "तिनं अंगठा दिला?"

"नाही सर."

"मग आता काय करतील तिला?"

मी वळकटी उचलून ट्रंकेवर ठेवली.

"मी बोललो आणि एस.टी.त बसलो," सर म्हणाले. "तिला तिथेच राहायचंय. तो लेखक निदान त्याच गावात राहिला होता. मी केलं ते शिकवणं होतं की काय होतं, मला कळत नाही, घरत." मग आवाज उतरवून म्हणाले, "पत्र लिहू नका. संस्थेत टपाल फोडतात म्हणे. त्यातून तुमच्या घराला आणखी त्रास व्हायचा." गाडी लागली. लोक दाराशी झोंबत होते. सगळे चढेपर्यंत सर थांबले, मग चढले. खिडकीतून त्यांनी हात केला नाही. समोरच्या सीटची दांडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

मी बी.ए. झालो. द्रोणागिरीला एका गोदामात कारकुनाची नोकरी लागली. काकी कचेऱ्या, कोर्ट, वकील करत राहिली. पनवेलच्या बाजारात सुकट विकायची आणि त्यातून फेऱ्यांचं भागवायची. बारकूआजी एकदा तिच्याबरोबर साक्षीला गेली, गावातून जाणारी पहिली तीच. मध्ये वर्षं गेली. पुष्कळदा वाटायचं, उद्या देईल अंगठा, माणूस किती दिवस काढणार. तिनं दिला नाही. शेवटी भूखंडाच्या कागदावर पांडूशेठबरोबर तिचं नाव लागलं.

त्या दिवशी तिनं मला बोलावून घेतलं. सोड्यांची, सुकवलेल्या कोलंबीची, पुरचुंडी माझ्या हातात दिली. "मास्तरला दे," म्हणाली. "नि सांग. पोस्टानं नको कलवू. तोंडानं सांग, तोंडानं."

सर कधीच रिटायर झाले असतील, पण त्याच गावी राहिलेत असं मी ऐकून होतो. रजा काढून गेलो. विचारत विचारत घर सापडलं. दारावर पाटी त्यांच्याच नावाची होती. काकूंनी दार उघडलं, मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. आत बसवलं, पाणी दिलं, आणि मी सरांबद्दल विचारायच्या आत म्हणाल्या, "तुम्हाला कळलं नसेल. हे गेले. दिवाळीच्या आधी."

माझ्या मांडीवर ती पुरचुंडी तशीच होती.

"तुमच्या त्या गावची ह्यांना फार काळजी होती," काकू सांगत होत्या. "रात्र रात्र झोपायचे नाहीत. कडी दोनदा बघायची, तीनदा बघायची. मग मागच्या वर्षी संस्थेच्या कामाला तिकडचे कोणी गृहस्थ आले. ते म्हणाले, त्या बाईनं अंगठा दिला, सगळं गोडीत मिटलं. ते ऐकल्यावर ह्यांना इतकं हलकं वाटलं. म्हणाले, सुटली बिचारी, आता तिला कोणी काही करणार नाही. शेवटचे महिने अगदी शांत गेले." त्यांनी रिकामा पेला उचलला. "बरी आहे ना ती आता?"

"बरी आहे काकू," मी म्हणालो. "पण तिनं अंगठा दिला नाही. जागेच्या कागदावर तिचं नाव लागलं. तेच सांगायला आलो होतो."

"दिला नाही?"

"नाही."

"म्हणजे इतकी वर्षं ती तिथेच राहिली? त्याच माणसांत?"

"हो."

काकूंनी पदर सारखा केला.

"बरं झालं ह्यांना कळलं नाही," त्या म्हणाल्या. "एक दिवस झोपले नसते."